उंदीर नंतर आले: पुंगीवाल्याच्या हामेल्नमध्ये

शनिवार: हानोफर ते हामेल्न

हानोफरहून एस-५ ही लोकल पकडली की पाऊण तासात हामेल्न येते. इंग्रजी कवितेमुळे आपल्याकडे या गावाचे नाव ‘हॅमेलिन’ असे रूढ झाले आहे आणि गोष्टही बहुतेकांना ठाऊक असते. गावात उंदरांचा सुळसुळाट होतो, रंगीबेरंगी कपड्यांतला एक पुंगीवाला येतो, पुंगी वाजवत उंदरांना नदीत नेऊन बुडवतो, ठरलेले पैसे द्यायला गावकरी नकार देतात, आणि मग तो पुन्हा पुंगी वाजवतो. या वेळी त्याच्यामागे गावातली मुले निघून जातात आणि परत येत नाहीत. हानोफरला शिकणारी माझी भाची दुभाषी म्हणून सोबत होती. जर्मन तिला येत होते आणि गोष्ट मला, एवढ्या भांडवलावर आम्ही निघालो.

स्थानकापासून जुन्या गावात चालत जायला पंधराएक मिनिटे लागतात. पुढे रस्ता विचारण्याची फारशी गरज पडत नाही, कारण फरसबंदीवर उंदरांची चित्रे आहेत आणि त्यांच्या मागे मागे गेले की माणूस एकेका प्रेक्षणीय इमारतीपाशी आपोआप पोहोचतो. जूनचा शेवट होता, रात्री साडेनऊनंतरही आकाशात उजेड होता आणि नदीवरून येणाऱ्या वाऱ्याने अंगावर शाल घ्यावीशी वाटत होती. ओस्टरश्ट्रासे हा इथला मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठी राखलेला आहे. दोन्ही बाजूंना लाकडी चौकटी उघड्या ठेवलेली जुनी घरे आणि त्यांच्यामध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या श्रीमंतांनी बांधलेल्या, दर्शनी भिंतीवर कोरीवकामाची रेलचेल असलेल्या दगडी इमारती. या शैलीला नदीच्या नावावरून ‘वेझर रेनेसाँ’ म्हणतात. गाव सधन झाले ते नदीवरच्या पिठाच्या गिरण्यांमुळे आणि धान्याच्या व्यापारामुळे. जुन्या कागदपत्रांत त्याला ‘जात्यांचे हामेल्न’ अशा अर्थाच्या नावानेही ओळखतात. जिथे धान्य तिथे उंदीर हे ओघानेच आले, त्यामुळे गोष्टीचा तेवढा भाग पटायला जड जात नाही.

उंदीर मात्र आज जरा जास्तच झाले आहेत. मिठाईच्या दुकानात मार्झिपानचे उंदीर, कपड्यांच्या दुकानात कापडी उंदीर, आणि बेकरीच्या काचेआड पावाच्या कणकेचे, वरून चकाकी दिलेले, मिशा लावलेले उंदीर ओळीने मांडलेले. मी त्यातला एक हातात घेतला तेव्हा तो दगडासारखा टणक लागला. काउंटरवरच्या बाईंनी लगेच बजावले की हा खायचा नाही, भिंतीवर लावायचा आहे. लोक चावून पाहतात, असे त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. खायचेच असेल तर शेजारी रोजचा राईचा पाव होता, आणि तो उत्तम होता.

ओस्टरश्ट्रासेवरच ‘पुंगीवाल्याचे घर’ आहे. पुंगीवाला इथे कधी राहिला नव्हता. १६०२-०३ मध्ये एका नगरसेवकाने बांधलेले हे घर, आणि आज तिथे उपाहारगृह आहे. नाव पडले ते घराच्या कडेच्या भिंतीवरील लेखामुळे. त्याचा आशय असा: सन १२८४, योहान आणि पॉल या संतांच्या दिवशी, म्हणजे २६ जूनला, नाना रंगांचे कपडे घातलेल्या एका वादकाने हामेल्नमध्ये जन्मलेली १३० मुले फूस लावून नेली आणि ती ‘कोप्पेन’पाशी, कॅल्व्हरीवर, म्हणजे वधस्थळापाशी, नाहीशी झाली. भाचीने ओळी दोनदा वाचून अर्थ सांगितला आणि मग विचारले, “मावशी, यात उंदीर कुठे आहेत?” लेखात उंदीर नाहीतच. तारीख आहे, वार लावता येईल असा संतांचा दिवस आहे, मुलांची संख्या आहे, जागा आहे; ज्या उंदरांवर अख्खे गाव आज पोट भरते त्यांचा मात्र उल्लेखही नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही या एका प्रश्नाच्या मागे फिरलो असे म्हटले तरी चालेल.

या भिंतीला लागून जी अरुंद गल्ली जाते तिचे नाव बुंगेलोझेनश्ट्रासे, म्हणजे जिथे ढोल वाजत नाही तो रस्ता. मुले याच वाटेने गेली असे मानतात आणि म्हणून इथे वाद्य वाजवायला व नाचायला मनाई आहे. वाजतगाजत निघालेली लग्नाची वरातसुद्धा गल्लीच्या तोंडाशी वाद्ये थांबवते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू करते. गल्ली मुकी असेल अशी माझी कल्पना होती, पण तसे काही नाही. एका खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या होत्या, दोन सायकली भिंतीला टेकवलेल्या होत्या, शाळकरी मुले मोठमोठ्याने भांडत निघून गेली. बंदी बोलण्यावर नाही, वाद्यांवर आहे.

रात्री पुंगीवाल्याच्या घरातच जेवलो. इथे ‘उंदरांच्या शेपट्या’ नावाचा पदार्थ मिळतो. डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या मद्य ओतून टेबलापाशी पेटवतात. भाचीने तो मागवला आणि ज्वाळा पाहून शेजारच्या टेबलावरच्या जपानी दांपत्याने टाळ्या वाजवल्या. मी पांढऱ्या शतावरीचे कोवळे कोंब, उकडलेले बटाटे आणि लोण्याची पातळ आमटी यांवर समाधान मानले. जर्मनीत या शतावरीचा हंगाम परंपरेने २४ जूनला संपतो, त्यामुळे जूनअखेर जाणाऱ्यांनी मेनूकार्डावर ‘श्पार्गेल’ दिसताक्षणी मागवून टाकावे.

जाता जाता एक सूचना: रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात. पाणी, फळे, पाव हे सगळे शनिवारीच घेऊन ठेवावे. उपाहारगृहे आणि स्थानकावरची काही दुकाने तेवढी उघडी मिळतात.

रविवार: नाटक, संग्रहालय आणि जुने कागद

न्याहारीला घरमालकीणबाई शेजारी येऊन बसल्या. सत्तरीच्या, गावातच जन्मलेल्या. त्यांनी लहानपणी गावात होणाऱ्या पुंगीवाल्याच्या नाटकात काम केले होते, त्यांच्या मुलीने केले होते आणि आता नातू करतो. “मी उंदीर होते, मुलगी गावातली पोर होती, आणि नातू पुन्हा उंदीर,” असे त्या म्हणाल्या. मी विचारले की ज्या गोष्टीत आपलेच गाव लबाड ठरते ती दर रविवारी पाहुण्यांना करून दाखवताना काही वाटत नाही का. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, पैसे नगरपालिकेने बुडवले, आम्ही नाही.

नाटक मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी दुपारी १२ वाजता होते, तिकीट नसते आणि १९५६ पासून ही प्रथा चालू आहे. जागा म्हणजे ‘लग्नघरा’समोरचा ओटा. हे लग्नघर १६१० ते १६१७ या काळात गावातल्या मेजवान्या आणि लग्नकार्यांसाठी बांधले. आपण त्याला मंगल कार्यालयच म्हणू. काम करणारे सुमारे ऐंशी जण सगळे हौशी, गावातलेच. आम्ही अर्धा तास आधी गेलो म्हणून पुढे उभे राहायला मिळाले. त्यानंतर पावसाची एक सर आली, छत्र्या उघडल्या, मागच्यांनी ओरडा केला, छत्र्या मिटल्या आणि सगळे निमूटपणे भिजले.

नाटक जर्मनमध्ये आणि बरेचसे पद्यात असते, पण एकही शब्द न कळता पाहता येते. करड्या कपड्यांतल्या उंदरांचा लोंढा बायकांच्या घोळक्यात घुसतो, नगराध्यक्ष पोट सावरत घाम पुसतो, पुंगीवाला येतो, सौदा होतो. उंदरांमध्ये चार-पाच वर्षांची एक मुलगी होती. तिची शेपटी पहिल्याच फेरीत सुटली. ती तिने उचलली, काखेत घट्ट धरली आणि इतरांच्या मागे पळत नदीच्या दिशेने बाहेर पडली. शेवटच्या प्रवेशात पुंगीवाला परत येतो तेव्हा त्याच्या मागे जाणारी मुले उंदरांच्याच वयाची असतात. प्रेक्षकांत उभ्या असलेल्या त्यांच्या आया मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होत्या आणि मुले चालता चालता त्यांना हात करत होती. अर्ध्या तासात सगळे आटोपले. १:०५ ला याच इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवरच्या झरोक्यातून घंटांच्या तालावर बाहुल्या बाहेर आल्या आणि त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. हा खेळ दुपारी ३:३५ आणि ५:३५ लाही होतो.

दुपारी संग्रहालयात गेलो. ओस्टरश्ट्रासेवरच्या दोन लगतच्या जुन्या इमारतींत ते आहे आणि सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. माणसांविना, यंत्रावर चालणारे पुंगीवाल्याचे एक नाटकही तिथे आहे, पण आम्ही रमलो ते जुन्या कागदांच्या हकिगतीत. भाची फलक वाचत होती आणि मी वहीत सनावळी उतरवून घेत होते.

सगळ्यांत जुना पुरावा काचेचा होता. बाजारपेठेतल्या संत निकोलायच्या चर्चमध्ये १३०० च्या सुमाराची एक रंगीत खिडकी होती आणि तिच्यावर हा प्रसंग होता असे जुने लेखक सांगतात. सतराव्या शतकात ती खिडकी गेली. त्याआधी, १५९२ मध्ये, ऑगुस्टीन फॉन म्योर्सपेर्ग नावाच्या प्रवाशाने तिच्यावरून जलरंगात एक चित्र काढून ठेवले. पुंगीवाल्याचे ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्र ते हेच. मूळ चर्च एप्रिल १९४५ मध्ये युद्धात उद्ध्वस्त झाले आणि पुढच्या दशकात पुन्हा उभे राहिले.

दुसरा पुरावा लेखी आहे. लूनेबुर्ग इथल्या एका हस्तलिखिताच्या शेवटी पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कुणीतरी लॅटिनमध्ये एक टिपण जोडले, आणि ते अभ्यासकांच्या नजरेस आले १९३० च्या दशकात. त्यात म्हटले आहे की १२८४ साली तिशीतला एक देखणा, उंची कपड्यांतला तरुण पुलावरून, वेझर वेशीतून गावात आला. त्याच्याकडे चांदीची बासरी होती. ती ऐकणारी सुमारे १३० मुले त्याच्या मागे पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडली आणि वधस्थळापाशी दिसेनाशी झाली. आया गावोगाव शोधत फिरल्या, पण काही कळले नाही. एका धर्माधिकाऱ्याच्या आईने मुलांना जाताना पाहिले होते, अशी साक्षही त्यात दिली आहे. या टिपणातही उंदीर नाहीत. पैशांवरून झालेला तंटाही नाही. सूड कशाचा, हेही नाही. एक माणूस येतो, वाजवतो आणि मुले जातात.

१५५६ मध्ये नव्या वेशीवर जो लॅटिन लेख कोरला त्यात सांगितले आहे की एका जादूगाराने १३० मुलांना गावातून नेल्यानंतर २७२ वर्षांनी ही वेस बांधली. वजाबाकी केली की १२८४ च येते. वेशीचे वय मोजायला गावाने राजाचे राज्यारोहण किंवा युद्ध घेतले नाही, मुलांचे जाणे घेतले, आणि मला हे सगळ्या उंदरांपेक्षा जास्त बोलके वाटले. उंदीर पहिल्यांदा दिसतात ते यानंतर, १५६५ च्या सुमाराच्या झिमर्न घराण्याच्या बखरीत, आणि ती लिहिली गेली हामेल्नपासून दूर, दक्षिण जर्मनीत. त्या काळी उंदीर पकडून पोट भरणारे फिरते लोक युरोपभर होते आणि त्यांच्याविषयी गूढ गोष्टी सांगितल्या जात. दोन गोष्टी तिथे एकमेकींना मिळाल्या.

मला वाटते, ही जोड टिकली याचे कारण उंदरांनी गोष्टीला हिशेब मिळवून दिला. १३० मुले गेली आणि का गेली ते कुणालाच कळले नाही, हे सांगायला आणि ऐकायलाही फार कठीण आहे. शब्द देऊन तो मोडला आणि त्याचे फळ भोगले, हे मात्र कुठल्याही भाषेतल्या आजीला नातवंडांना सांगता येते. त्या बदल्यात हामेल्नकरांनी आपल्या पूर्वजांच्या माथी लबाडी मारून घेतली आणि कारण नसलेल्या दुःखापेक्षा स्वतःचा दोष पत्करला. सकाळी घरमालकीणबाईंनी दिलेले उत्तर मला इथे नीट कळले.

सोमवार: कोपेनब्र्युगे आणि ईथचा डोंगर

लेखातले ‘कोप्पेन’ कुठले, यावर एकमत नाही. हामेल्नच्या पूर्वेला लागून असलेली टेकडी काही जण दाखवतात. काहींचे बोट आणखी पूर्वेकडे, ईथ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कोपेनब्र्युगे गावाकडे जाते. हामेल्नहून हिल्डेसहाइमच्या दिशेने जाणारी छोटी गाडी तिथे थांबते. लोअर सॅक्सनी राज्यापुरते एक दिवसाचे प्रादेशिक तिकीट मिळते. दोघे-तिघे एकत्र असतील तर ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालते.

गाव चिमुकले आहे. जुन्या गढीभोवती झाडी, तिच्यात स्थानिक संग्रहालय, आणि त्या दिवशी ते अर्थातच बंद. गढी होती श्पीगेलबेर्ग घराण्याच्या काउंटांची. म्योर्सपेर्गच्या चित्रात दिसणारी तीन हरणे म्हणजे या घराण्याचीच खूण, असे मानणारा एक पक्ष आहे. त्यांच्या मते निकोलाउस फॉन श्पीगेलबेर्ग याने हामेल्नच्या तरुणांना पूर्वेकडे वसाहतीला नेले आणि बाल्टिक किनाऱ्यापाशी त्यांचे जहाज बुडाले.

ईथवर चढताना बीचच्या झाडांखाली हिरवा अंधार होता. आदल्या दिवशीच्या पावसाने वाट निसरडी झाली होती, तेव्हा साधे बूट घालून इथे येऊ नये. वर चुनखडीचे सुळके आहेत आणि त्यांच्यामधल्या एका घळीला ‘सैतानाचे स्वयंपाकघर’ म्हणतात. इथल्या काही अभ्यासकांचे म्हणणे असे की मुले, म्हणजे खरे तर तरुण मंडळी, उन्हाळ्याच्या मध्यावरच्या जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्मातल्या उत्सवासाठी इथे आली आणि इथेच त्यांचा घात झाला. २६ जून ही तारीख त्या सणाच्या आसपासची आहे, एवढे खरे. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा आम्हाला वाट दाखवायला थांबले होते. त्यांना विचारले तर हसून म्हणाले की या भागात प्रत्येकाकडे एक कुत्रा आणि एक सिद्धांत असतो.

खाली उतरल्यावर गावातल्या खाणावळीत बटाट्याचे गरम सूप घेऊन बसलो आणि त्या सिद्धांतांची झडती घेतली. ज्यांच्या घरात पुण्याच्या १८९७ च्या प्लेगच्या आठवणी सांगितल्या जात त्या माझ्यासारख्यांना उंदीर आणि मुलांचे मरण म्हटले की प्लेगच सुचतो. पण युरोपात प्लेगची ती भयंकर लाट आली चौदाव्या शतकाच्या मध्याला, आणि जुन्या टिपणांत तर उंदीरच नाहीत, तेव्हा तो धागा तुटतो. जेरुसलेमकडे निघालेल्या मुलांच्या धर्मयुद्धाची गोष्ट १२१२ ची, म्हणजे फार आधीची. १२३७ मध्ये एर्फुर्टची मुले नाचत नाचत दुसऱ्या गावी गेली अशी नोंद आहे, त्यामुळे नाचण्याच्या वेडाचाही विचार होतो. १२६० मध्ये सेडेम्युंडर इथे मिंडेनच्या बिशपच्या फौजेशी झालेल्या लढाईत हामेल्नचे पुष्कळ तरुण पडले. तेच दुःख पुढे गोष्ट झाले असे काही जुन्या पंडितांना वाटे, पण मग १२८४ कुठून आले?

आज सर्वांत जास्त पाठिंबा आहे तो स्थलांतराच्या उपपत्तीला. तेराव्या शतकात पूर्वेकडच्या जमिनी वसवण्यासाठी जमीनदार आणि बिशप माणसे शोधत होते आणि त्यांचे दलाल गावोगाव फिरून तरुणांना जमिनीची आणि करमाफीची आशा दाखवत. असा दलाल भडक कपड्यांत, वाद्ये वाजवत बाजारात उभा राहिला असेल, हे कल्पनेला झेपण्यासारखे आहे. आपणही ‘गावची पोरं मुंबईला गेली’ म्हणतो तेव्हा ती बाळे नसतात. हामेल्नची मुलेही तशीच असावीत. भाषाशास्त्रज्ञ युर्गेन उडोल्फ यांनी गावांची आणि माणसांची नावे तपासून ही वाट बर्लिनच्या उत्तरेकडच्या प्रिग्निट्स आणि उकरमार्क भागांकडे काढली. हामेल्नजवळ हामेलश्प्रिंगे नावाचे खेडे आहे आणि उकरमार्कमध्ये हामेलश्प्रिंग. माणसे जाताना गावाचे नाव बरोबर घेऊन जातात.

मलाही हाच तर्क सर्वांत पटतो. पण एक शंका उरते. मुले कमवायला गेली असती तर कधी निरोप आला असता, कुणी म्हातारपणी परतले असते, आणि गावाने हा दिवस वधस्थळाच्या नावासकट दगडावर कोरला नसता. भाचीचे मत वेगळे पडले. ती म्हणाली, “मावशी, १२८४ मध्ये दोनशे-तीनशे किलोमीटरवर गेलेल्याचा निरोप कोण आणणार होते?” स्वतः घरापासून सहा-साडेसहा हजार किलोमीटरवर राहणाऱ्या आणि आईला रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलीने हे म्हटल्यावर मी वाद वाढवला नाही.

मंगळवार: कास्सेल

हानोफरला परतून तिथून जलद गाडीने तासाभरात कास्सेलला गेलो. हानाउपासून ब्रेमेनपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरचा ‘परीकथांचा रस्ता’ १९७५ मध्ये आखला गेला. हामेल्न आणि कास्सेल दोन्ही त्याच्यावर आहेत. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे भाऊ जन्मले हानाउला, पण त्यांचे गोष्टी गोळा करण्याचे मुख्य काम कास्सेलमध्ये झाले. २०१५ मध्ये उघडलेले ‘ग्रिमवेल्ट’ हे संग्रहालय त्यांच्यावर आहे. त्यांच्या परीकथासंग्रहाच्या, स्वतःच्या हस्ताक्षरात टिपणे केलेल्या प्रती युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत २००५ पासून आहेत. कागद पिवळा पडलेला, समास भरून बारीक अक्षर. छापून आलेली गोष्टही या माणसांना पुरी झाली असे वाटत नव्हते. संग्रहालयासाठी तीन तास तरी हाताशी ठेवावेत, आणि मुले बरोबर असतील तर चार.

पुंगीवाला मात्र त्या परीकथांत नाही. भावांनी त्याला १८१६ च्या ‘जर्मन आख्यायिका’ या वेगळ्या संग्रहात घातले, कारण परीकथा कुठेही, कधीही घडते, तर या गोष्टीला गाव आणि तारीख होती. तिच्यासाठी त्यांनी अकरा जुनी साधने चाळली होती. जगभर ती परीकथा म्हणून पोहोचली ती इतरांमुळे. गटेने पुंगीवाल्यावर गीत लिहिले, शूबर्टने आणि पुढे हुगो वोल्फने त्याला चाली लावल्या. इंग्रजीत रॉबर्ट ब्राउनिंगने १८४२ मध्ये त्याच्यावर दीर्घ कविता छापली. नटवर्य मॅक्रेडी यांच्या आजारी मुलाला अंथरुणावर चित्रे काढायला काहीतरी हवे म्हणून ती लिहिली होती. ब्राउनिंगने तारीख घेतली ती १३७६ मधली, जुन्या इंग्रजी ग्रंथातली, त्यामुळे इंग्रजीतून गोष्ट शिकलेल्यांच्या डोक्यात साल वेगळेच असते. १९२५ मध्ये मरीना त्स्वेतायेवा या रशियन कवयित्रीने सुखवस्तू गावाची टर उडवणारे काव्य याच कथेवर रचले, आणि १९३३ मध्ये डिस्नेने व्यंगपट काढला. जर्मन राजकारणात तर लोकांना भुलवून मागे ओढणाऱ्या पुढाऱ्याला सर्रास पुंगीवाला म्हणतात. ज्याला त्याला आपापल्या काळाचा संशय या एका माणसावर टाकता आला, कारण तो कोण होता हे कधी ठरलेच नाही. हामेल्न या वारशाला ज्या तऱ्हेने सांभाळते तिचा समावेश २०१४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला आहे.

संग्रहालयाच्या गच्चीवर ऊन पडले होते. प्लमचा केक आणि कॉफी समोर ठेवून भाचीने ग्रिमांची आख्यायिका मोबाइलवर काढली आणि ती मला मराठीत सांगत गेली. त्यांच्याकडे मुले डोंगराच्या पोटात शिरतात आणि काहींच्या मते पार ट्रान्सिल्व्हेनियात बाहेर पडतात. दोन मुले मागे राहतात, एक आंधळे आणि एक मुके. आंधळ्याला जागा दाखवता येत नाही, पण पुंगीवाल्याच्या मागे कसे गेलो ते सांगता येते. मुक्याला जागा दाखवता येते, पण त्याने काही ऐकलेले नसते. हे वाचून आम्ही दोघी थोडा वेळ साक्षीपुराव्यांचीच चर्चा करत राहिलो. तिसरा एक मुलगा अंगावरच्या सदऱ्यानिशी पळत निघाला होता. कोट घ्यायला तो घरी परतला आणि तेवढ्यात बाकीचे नाहीसे झाले. ब्राउनिंगने मागे राहिलेला मुलगा म्हणून पायाने अधू असलेले पोर घेतले आणि त्याला जन्मभर हळहळायला लावले. कविता म्हणून ते फार सरस उतरले आहे यात शंका नाही, पण विश्वास माझा कोटवाल्या मुलावर बसतो.